काकूंच्या नावावर

मामा आणि भाची माझ्याकडे आले ते कराचं विचारायला. निघाले तेव्हा कराचा प्रश्न बराचसा सुटला होता आणि खरा वाद तसाच होता. ज्या घराचं आपण देणं लागतो, त्या घराला आपल्याजवळची सगळ्यात चांगली वस्तू द्यावी, की त्यांना लागेल ती? दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांचं बोलणं इथे देतो आहे. हा प्रश्न घेऊन येणारी तरुण मंडळी आता बरीच आहेत, आणि त्यांच्यापुढे नुसता कराचा तक्ता ठेवून भागत नाही असं मला मनापासून वाटतं.

भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी लहान असताना रुजू झाली. पगार बेताचा, वर थोडे ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिले जाणारे शेअरचे ऑप्शन. पुढे कंपनी शेअर बाजारात आली. मामा एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती बाई त्या दिवशी तिथे नव्हती. कराडला खाणावळ चालवणाऱ्या काकू. कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना भाची त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायची. दुसऱ्या वर्षाला असताना तिचे वडील गेले. त्या महिन्यापासून काकूंनी खोलीचं भाडं घेतलं नाही आणि खाणावळीच्या वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहिला नाही. नाव मात्र दर महिन्याला लिहीत राहिल्या, म्हणजे ताट वाढताना कुणी विचारायला नको. पदवी हाती येईपर्यंत हे चाललं. त्यावर काकू कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांचा टेम्पो विकला गेला, काकूंच्या पाटल्या पतसंस्थेत तारण आहेत. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा नववीत.

भाची: माझं ठरलंय, मामा. हजार शेअर काकूंच्या नावावर करायचे.

मामा: आजच्या भावाने किती होतात?

भाची: भाव हजाराच्या आसपास आहे. म्हणजे १० लाख.

मामा: आणि तुला कितीला पडले?

भाची: २० रुपयांना एक. म्हणूनच तर म्हणते, यात माझं गेलं काय? २० हजार रुपये.

मामा: असं नसतं गं. ज्या दिवशी तू ते घेतलेस त्या दिवशीही कर भरलास ना?

भरला होता. ईसॉपचा हिशेब अनेकांना इथेच चकवतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. तो हक्क वापरून शेअर घेतले, की त्या दिवशीचा बाजारभाव आणि आपण मोजलेली किंमत यांतला फरक पगारात धरला जातो आणि पगाराच्या दराने कर लागतो. भाचीने शेअर घेतले तेव्हा भाव ३०० होता. शेअरमागे २८० रुपये तिच्या पगारात मिळवले गेले आणि ३० टक्के अधिक उपकर या दराने हजार शेअरवर ८७,३६० रुपये कापले गेले. शेअर विकले नव्हते, हातात पैसा आला नव्हता, तरी कर गेला.

तिच्याकडे न वापरलेले ऑप्शनही आहेत, आणि तिच्या मनात आधी तेच द्यायचं होतं. ते होत नाही. सेबीचे नियम आणि कंपनी कायद्याखालचे नियम, दोन्हींत ऑप्शन हस्तांतरित करता येत नाही. तो त्याच कर्मचाऱ्याने वापरायचा, गहाणही ठेवता येत नाही. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तरच तो वारसांकडे जातो. तेव्हा द्यायचे तर शेअरच.

मामा: ऐक माझं. शेअर विक, कर भर आणि उरतील ते पैसे त्यांना दे. पतसंस्थेचं कर्ज परस्पर फेड. हे डीमॅट, भाव, चढ-उतार त्यांच्या डोक्याला कशाला?

भाची: कारण विकले की ती गोष्ट तिथेच संपली. त्या घरात आजवर जे काही आलं ते झिजणारं आलं. टेम्पो झिजला, मिक्सर झिजला, भांड्यांना पोचे पडले. आपोआप वाढणारी वस्तू त्यांच्याकडे कधी आलीच नाही. माझ्याकडे ती नशिबाने आली. मी काही त्यांच्यापेक्षा पन्नास पट जास्त कष्ट केलेले नाहीत, पण माझे २० रुपये पन्नास पट झाले. ती वाढच मला त्यांना द्यायची आहे.

मामा: वाढणारी वस्तू सांभाळायला मागे आधार लागतो. तुला पगार आहे, म्हणून भाव पडला तरी तू थांबू शकतेस. त्यांना थांबता येणार नाही. ज्या महिन्यात काकांना दवाखान्यात ठेवावं लागेल त्या महिन्याच्या भावाने ते शेअर विकले जातील. मी कर्ज विभागात आयुष्य घालवलंय. अडलेला माणूस भाव बघून विकत नाही, तारीख बघून विकतो.

भाची: आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेच्या वैद्यनाथन यांनी काय केलं? २०२२ मध्ये त्यांनी स्वतःचे ९ लाख शेअर पाच जणांना दिले. घरकाम करणारे, गाडी चालवणारा, व्यायाम शिकवणारा, ऑफिसातला मदतनीस. त्यांना घरं घेता यावीत म्हणून. त्या दिवशीच्या भावाने जवळपास ३ कोटी ९५ लाख. त्याआधी आपल्या गणिताच्या शिक्षकांना १ लाख शेअर दिले होते. कॉलेजच्या प्रवेशाला जायला पैसे नव्हते तेव्हा त्या शिक्षकांनी ५०० रुपये दिले होते म्हणून. माझं आणि काकूंचं नातं याहून वेगळं आहे का?

मामा: ते उदाहरण मला आवडतं. मुंबईत कुणाच्या घरी काम करणाऱ्या माणसाला स्वतःचं घर व्हावं, याहून चांगलं काय? पण त्यातलं एक बघ. त्यांनी दिले ते घरासाठी. म्हणजे घेणाऱ्यांनी ते विकावेत हे गृहीतच होतं. शेअर हे तिथे साधन होतं. तुझं तसं नाही. तू म्हणतेस, त्यांनी ते ठेवावेत.

मामांचा हा मुद्दा मला त्या दिवशी सगळ्यात वजनदार वाटला. वैद्यनाथन यांच्या भेटींबद्दल बोलताना आकडाच लक्षात राहतो. पण कोणाला नेमकं काय हवं आहे हे तिथे आधी ठरलं होतं आणि मग शेअर मोजले गेले. आमच्या टेबलावर शेअर आधी मोजले गेले होते.

भाचीने मग न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीचं नाव काढलं. मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की वाढलेले शेअर कमी उत्पन्नाच्या माणसाला देणं हा सगळ्यात शहाणा मार्ग, कारण त्याने विकले तर कर लागत नाही. मैत्रिणीचं तिच्यापुरतं खरं आहे. अमेरिकेत भेट घेणाऱ्याला आयकर नाही. देणाऱ्यालाही २०२५ साली दर माणसामागे १९,००० डॉलरपर्यंत सरकारला काही कळवावं लागत नव्हतं. त्यावर दिलं तर एक विवरणपत्र भरायचं, पण त्या वर्षी आयुष्यभराची मर्यादा १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर असल्यामुळे प्रत्यक्ष कर क्वचितच भरावा लागत होता. शेअरबरोबर देणाऱ्याची मूळ किंमत घेणाऱ्याकडे जाते आणि त्याचं करपात्र उत्पन्न कमी असेल, एकट्या माणसाचं २०२५ साली ४८,३५० डॉलरच्या आत, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्र सरकारचा दर शून्य.

आपल्याकडचं गणित वेगळं आहे, आणि त्याला इतिहास आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींनंतर १९५८ साली भारतात भेटकर कायदा आला. तो देणाऱ्यावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो उठला आणि काही वर्षं भेटीवर कुणालाच कर नव्हता. मग १ सप्टेंबर २००४ पासून उलट बाजूने सुरुवात झाली आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात भेट धरली जाऊ लागली. आधी फक्त रोख रक्कम, मग १ ऑक्टोबर २००९ पासून शेअरही. आज नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम विनामोबदला मिळाली, तर पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. ५०,००० च्या वरची तेवढी नव्हे, पूर्ण. शेअरनाही असाच ५०,००० चा हिशेब लागतो.

मामा: आणि नात्यातला म्हणजे कोण, हे तिला सांगा. तिला वाटतं, जवळचं ते नातं.

कायद्याची यादी ठरलेली आहे. नवरा-बायको, भावंडं, नवऱ्याची किंवा बायकोची भावंडं, आईवडिलांची भावंडं, आपली आणि जोडीदाराची वरची आणि खालची सरळ पिढी, आणि या मंडळींचे जोडीदार. चुलतभाऊ त्यात नाही, मावसबहीण नाही. मामाने भाचीला दिलं तर करमुक्त, कारण मामा हा आईचा भाऊ. भाचीने मामाला दिलं तर करपात्र, कारण मामाच्या बाजूने पाहिलं तर बहिणीची मुलगी यादीत येत नाही. आणि जिने चालू शिक्षणात एका मुलीला उपाशी राहू दिलं नाही, ती काकू तर कुठेच नाही.

भाची: म्हणजे वर्षानुवर्षं फुकट जेवू घालणारी बाई कायद्याला परकी.

मामा: कायद्याला वहीतलं नाव दिसत नाही गं. त्याला रक्त आणि लग्न दिसतं.

आता तिच्या बाजूचा कर. साधारणपणे भेट दिली तर देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर नसतो, कारण भेट म्हणजे विक्री नव्हे. पण त्याच तरतुदीला एक परंतुक जोडलेलं आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आखलेल्या ईसॉप योजनेतून मिळालेले शेअर भेट दिले, तर ही सूट नाही. त्या दिवशीच्या बाजारभावाने विकल्यासारखं धरून देणाऱ्याने कर भरायचा. भाचीची योजना त्यात बसते की नाही हे कंपनीचा मूळ कागद पाहून ठरवावं लागणार होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होणार असल्याने कलमांचे आकडेही बदलणार होते. मी तिला म्हटलं, बसते असं धरूनच चालूया.

मग कागदावर मांडलं. २०२५-२६ चे दर. हजार शेअर आज विकले तर शेअरमागे ७०० रुपये नफा, एकूण ७ लाख. १ लाख २५ हजारांची सूट वजा जाता ५ लाख ७५ हजारांवर साडेबारा टक्के, वर उपकर. ७४,७५० रुपये. हे भाचीचे. परंतुक लागू झालं तर भेट देतानाही तिला कर भरावा लागणार. आणि काकूंकडे १० लाखांचे शेअर गेले, की खाणावळीच्या ३ लाखांत ते मिळून उत्पन्न १३ लाख. १२ लाखांपर्यंत नव्या पद्धतीत कर शून्यावर येतो, १३ लाखांवर ७८,००० रुपये. हातात रोख पैसा न येता.

भाची: म्हणजे मी दिले म्हणून मी कर भरायचा आणि त्यांनी घेतले म्हणून त्यांनी.

मामा: आणि त्यांच्या कराचे पैसे पुन्हा तूच देणार. ती रक्कमही भेटच.

भाची: मग मी वाटून देते. अर्धे काकूंना, अर्धे त्यांच्या मुलीला. ती सज्ञान आहे, तिचं रिटर्न वेगळं. काकूंचे ८ लाख होतील, तिचे ५ लाख. दोघींनाही कर शून्य. बरोबर ना?

करापुरतं बरोबर होतं. मुलगी हुशार, लगेच पकडलं. पण मला तिच्या फार्मसीच्या फीबद्दल विचारावंच लागलं. महाराष्ट्र सरकारने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या मुलींची शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी केली आहे. अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, ८ लाखांच्या आत. मुलगी याच सवलतीवर शिकत होती. ज्या वर्षी आई आणि मुलगी मिळून १३ लाखांचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवतील, त्या वर्षी तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर प्रश्न उभा राहू शकतो. हे दरवर्षीचं उत्पन्न नाही, एकदाच मिळालेली भेट आहे, हे पटवून देता येईलही. पण खिडकीपाशी उभं राहून ते पटवायला काकूंना जावं लागेल, खाणावळ बंद ठेवून.

भाची बराच वेळ कागदाकडे बघत होती.

मामा: एक वाट आहे. मुलीचं लग्न होईल तेव्हा दे. लग्नानिमित्त मुलीला दिलेल्या भेटीवर कर नाही, देणारा कुणीही असो, रक्कम कितीही असो. तोवर शेअर तुझ्याकडेच राहू देत, वाढतील.

भाची: नाही. ती एकोणीस वर्षांची आहे, शिकतेय. तिच्या घराला आज पैसे हवेत आणि मी तिला म्हणू, तुझं लग्न ठरलं की कळव? काकूंनी मला विचारलं होतं का, तू लग्न कधी करतेस म्हणून? मी शिकावं एवढंच त्यांना हवं होतं. कर वाचावा म्हणून एखाद्या मुलीच्या लग्नाची वाट बघणं मला जमणार नाही, मामा. ते तुमच्या तोंडी शोभतही नाही.

तिचा आवाज चढला होता आणि तो चढावा असंच मला वाटत होतं. कायद्याने दिलेली सवलत वापरणं यात गैर काही नाही, पण कोणत्या सवलतीने समोरच्या माणसाचं आयुष्य कोणत्या दिशेला ढकललं जातं हेही बघावं लागतं. मामांनी तो मुद्दा लगेच सोडला. हेही सांगायला हवं, कारण त्यांच्या वयाची माणसं सहसा सोडत नाहीत.

मामा: बरं, मग कर्जाऊ दे. बिनव्याजी. कर्ज म्हणजे भेट नव्हे, काकूंच्या उत्पन्नात ते धरलं जात नाही. बँकेतून दे, २०,००० किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही. जमेल तेव्हा फेडतील.

भाची: काकूंनी मला कर्जाऊ जेवण घातलं नव्हतं.

मामा: हो. आणि म्हणूनच आज तू इथे बसलीस. कर्जाला मुदत असते, हप्ते संपले की माणूस मोकळा होतो. फुकटचं देणं संपतच नाही. तू दहा वर्षांनी हे ओझं उतरवायला आलीस. उद्या तू १० लाख देशील आणि तेच ओझं त्यांच्या डोक्यावर जाईल. गावात लोक विचारतील. नातेवाईक येतील, आम्हालाही सांगा त्या पुण्याच्या मुलीला म्हणून. काकू तुझ्याशी पहिल्यासारखं बोलू शकतील का? रागावू शकतील का तुझ्यावर?

भाची: मामा, तुमच्या टेबलासमोर कर्ज मागायला येणारा माणूस कसा बसायचा, ते तुम्हीच सांगितलंय मला. खुर्चीच्या कडेवर. काकूंनी माझ्यासमोर तसं बसावं?

मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनी रयतेचा विषय काढला, आणि तो त्यांच्या मुद्द्याच्या विरुद्धच जात होता.

मामा: कराडपासून जवळच काले गाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था तिथे काढली, १९१९ मध्ये. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही. त्या मुलांकडून काही परत यावं म्हणून नाही. तुझ्या काकूंच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्यात तुझ्या ताटाचा वाटा किती, हा हिशेब तू करू नकोस. तो त्यांनी केलेला नाही.

भाची: मग मी काय करू?

मामा: कर्मवीरांनी त्या मुलांना नुसतं जेवू घातलं नाही, कामही दिलं. कमवा आणि शिका. घेणाऱ्याला आपल्या हातांनी काही करता आलं पाहिजे, मी एवढंच म्हणतोय.

तेव्हा मी विचारलं, काकूंना विचारलंय का. दोघांनीही नव्हतं विचारलं. भाचीला वाटत होतं, विचारलं तर त्या नाहीच म्हणतील. मामांना वाटत होतं, विचारणं म्हणजे आशा लावणं. दोघांच्या मनात माया होती, आणि दोघांनी आपापल्या मायेने काकूंना बाजूला बसवून ठेवलं होतं. गरजू घराला देताना आपण सगळेच हे करतो. त्यांच्या भल्याचं आपल्याला कळतं असं धरून चालतो. भाची त्या शनिवारी कराडला गेली आणि पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा आले.

भाची: काकू नाही म्हणाल्या नाहीत. शेअर नको म्हणाल्या.

मामा: बघ.

भाची: पण तुमच्या कारणासाठी नाही. त्या म्हणाल्या, मला त्यातलं कळत नाही. म्हणजे दर वेळी तुला फोन करायचा, आता ठेवू का, आता विकू का. तू दिलंस खरं, पण ते तुझ्याच हातात राहिलं. मला असं काही दे की तुला फोन केला तर नुसता तुझी खुशाली विचारायला करेन.

काकूंनी मागितलं ते दोन गोष्टींसाठी. तारण ठेवलेल्या पाटल्या सोडवायला २ लाख १० हजार. आणि दीड लाख स्वयंपाकघरासाठी. जवळच्या एका वसतिगृहाच्या डब्यांचं काम निघणार आहे. त्याला मोठी शेगडी, १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची जोडणी, कणीक मळायचं यंत्र आणि स्टीलचे डबे लागतील. यंत्राची किंमत त्यांनी सांगलीतल्या दुकानात आधीच विचारून ठेवली होती. आकडे त्यांनी खाणावळीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते आणि भाचीने त्याचा फोटो आणला होता. डायलिसिसचं त्यांनी काही मागितलं नाही, ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतं. घराला झळ बसते ती इंजेक्शनं, जाणं-येणं आणि काकांची बंद झालेली कमाई यांमुळे. मामा त्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. कर्ज मागायला येणारे असा हिशेब आणत नसत, म्हणाले.

भाची: आणि मुलीने वेगळंच मागितलं. तिला शेअर हवेत. जास्त नाही, शंभर. म्हणाली, आईला नको असतील तर मला द्या, मला शिकायचंय ते काय असतं.

मामा: शंभर शेअर, १ लाख. एकोणीस वर्षांच्या मुलीला. एकाच कंपनीचे. अगं, त्यापेक्षा विक आणि तिच्या नावाने इंडेक्स फंडात टाक. पन्नास कंपन्या येतील, एक बुडाली तरी कळणार नाही.

भाची: तिने इंडेक्स फंड मागितला नाही. काकूंनी जे मागितलं ते तुम्हाला लगेच पटलं, कारण त्यात यंत्र आहे, डबे आहेत. पोरीने मागितलेलंही मागणंच आहे.

इथे माझं मत भाचीकडे झुकतं. घेणाऱ्याला विचारायचं ठरवलं तर उत्तर आपल्याला पटेल तेवढंच ऐकायचं, असं चालत नाही. शंभर शेअरनी त्या मुलीचं काही बुडणार नाही, आणि पुढच्या आयुष्यात पगाराबरोबर असले कागद तिच्यापुढे येतील तेव्हा ती गोंधळणार नाही. मी अनेक कमावते तरुण असे पाहिले आहेत, ज्यांना आपल्याच ईसॉपवर कर कधी लागतो हे ठाऊक नव्हतं.

आकडे बसत होते. ४०० शेअर विकून ४ लाख, त्यातले ३ लाख ६० हजार काकूंना बँकेतून. मुलीला १०० शेअर. परंतुक लागू आहे असं धरून पाचशे शेअरचा नफा साडेतीन लाख, कर २९,२५० रुपये, तो भाचीचा. तिकडे खाणावळीचे ३ लाख, काकूंना मिळालेले ३ लाख ६० हजार आणि मुलीचा १ लाख मिळून ७ लाख ६० हजार. कर कुणालाच नाही, आणि फीमाफीची मर्यादाही ओलांडली जात नाही. रिटर्न मात्र दोघींनीही भरायचं आणि भेट त्यात दाखवायची. कर शून्य आहे म्हणून लपवायचं नाही, हे मी ठासून सांगितलं.

मुलीचं डीमॅट खातं उघडल्यावर बक्षीसपत्र केलं. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, शेअरची संख्या, त्या दिवशीचा भाव, नातं काही नाही, मोबदला काही नाही, आणि खाली स्वीकाराची ओळ. घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय भेट पूर्ण होत नाही, आणि एकदा पूर्ण झाली की देणाऱ्याला मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मामांना त्यात आणखी एक ओळ हवी होती, तीन वर्षं विकायचे नाहीत अशी. भाची नको म्हणाली. मीही नको म्हटलं. मुलीने पूर्ण कागद वाचला आणि विचारलं, मी हे उद्या विकले तर चालेल का? भाची म्हणाली, चालेल. मामा म्हणाले, चालेल, पण विकताना किमतीची मर्यादा घालून ऑर्डर दे, बाजार उघडताच मिळेल त्या भावाला देऊ नकोस. मग ती कशी द्यायची ते त्यांनी तिला फोनवर दाखवलं.

उरलेल्या पाचशे शेअरचं पुढच्या आर्थिक वर्षात काय करायचं, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. भाचीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची आहे, ८ लाखांची मर्यादा सांभाळून, मुलगा बारावी होईपर्यंत. मामांचं म्हणणं, दरवर्षीचं ठरलं की तो पगार होतो, आणि पगार देणारा मालक होतो. मी दोघांना सांगितलं आहे की वसतिगृहाच्या डब्यांचं काम काकूंना मिळतं का ते आधी कळू द्या आणि एप्रिलमध्ये काकूंनाही सोबत घेऊन या. त्या येणार आहेत.